आधी करून बघ, मग पुढे पाठव

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली ‘थक्क करणाऱ्या गोष्टीं’ची यादी मिळाली. आईनं ती अर्ध्यावर सोडली, मी पेन्सिल घेऊन बसलो. शुक्राचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा असतो, हे बरोबर. स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला त्याला पृथ्वीवरचे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरून यायला २२५. मात्र दिवस म्हणजे गिरकी धरलीस तरच. सूर्योदय ते सूर्योदय मोजलंस तर ११७ दिवसच भरतात, आणि मग सगळी गंमतच जाते. ऑक्टोपसला तीन हृदयं आणि निळं रक्त, हेही बरोबर. त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम लोहाऐवजी तांबं करतं. इजिप्तची राणी क्लिओपात्रा काळाच्या हिशेबानं पिरॅमिडपेक्षा चांद्रमोहिमेच्या जास्त जवळची, हे ऐकायला निव्वळ फेकाफेकी वाटते, पण हिशेब जुळतो. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६०च्या आसपासचा, ती वारली इ.स.पू. ३० मध्ये आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे मात्र साफ खोटं. चंद्राचं सोड, चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून परतला तेव्हा त्यानंच सांगितलं की भिंत काही दिसली नाही. आणि जिभेच्या टोकाला फक्त गोड कळतं, कडू फक्त मागे कळतं, हा जिभेचा नकाशासुद्धा खोटा. १९०१ साली एका जर्मन संशोधकाला जिभेच्या वेगवेगळ्या भागांत अगदी बारीक फरक आढळला होता. पुढे त्याचा आलेख भलत्याच अर्थानं वाचला गेला आणि तो नकाशा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो पाठ केला. मिठाचा एक कण जिभेच्या टोकावर ठेवला असता तर तिथल्या तिथे निकाल लागला असता.

याच गोष्टीसाठी आज लिहायला बसलो. शुक्राच्या गिरकीसाठी तुला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं, त्याला इलाज नाही. पण तितक्याच चक्रावून टाकणाऱ्या कितीतरी गोष्टी घरात बसून स्वतः करून बघता येतात, आणि मला त्याच जास्त आवडतात, कारण त्यांतून रोजच्या वापराचं काहीतरी हाती लागतं.

बुटाची नाडीच घे. नेहमीसारखी सुरगाठ मार, उभी राहा आणि वरून बघ. गाठीचे दोन कान बुटावर आडवे, म्हणजे डावी-उजवीकडे पडलेत का? मग ठीक. ते कलंडून एक बोटांकडे आणि दुसरा घोट्याकडे वळला असेल, तर तू आयुष्यभर चुकीची गाठ मारत आली आहेस, आणि पुष्कळ माणसं मारतात. सुधारायला नवं काही शिकायला नको. अगदी सुरुवातीला आपण दोन टोकं एकमेकांवरून घेऊन पहिला वेढा देतो ना, तेवढा उलटा दे. उजवं टोक डाव्यावरून घेत असशील तर डावं उजव्यावरून घे. पुढचं सगळं हात आपोआप करतात तसंच राहू दे. कान आडवे बसतील आणि गाठ कितीतरी जास्त टिकेल. हात पहिले काही दिवस कुरकुरतील, ते चालायचंच.

नाडी मुळात का सुटते, याचा शोध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या यंत्र-अभियंत्यांनी घेतला आणि २०१७ मध्ये त्यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. धावणाऱ्या पायाचं त्यांनी अतिमंद गतीत चित्रण केलं. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा बुटाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो. त्यानं गाठीचा मधला भाग ताणला जाऊन सैल होतो. मग पाय हवेत झुलतो तशी मोकळी टोकं बाहेर फेकली जातात आणि जणू अदृश्य हातानं ओढल्यासारखी गाठ सोडवतात. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि एकदा टोकं सरकू लागली की दोन-चार पावलांत खेळ खलास. म्हणून गाठ किंचित सैल दिसली की तेव्हाच वाक; ‘पुढे गेल्यावर बघू’ म्हणू नकोस.

दुसरा प्रयोग बर्फाचा. स्टीलचं एक ताट आणि एक लाकडी पोळपाट किंवा फळी काही तास एकाच खोलीत राहू दे. दोन्हींवर हात ठेव. ताट गार लागेल, लाकूड नाही. आता दोन्हींवर एकसारखा बर्फाचा खडा ठेवायचा आहे; आधी कोणता वितळेल ते मैत्रिणींना विचार. बहुतेक जणी लाकडावरचा म्हणतील, कारण ताट ‘थंड’ आहे. ठेवून बघ. ताटावरचा खडा बघता बघता पाणी होतो आणि लाकडावरचा ढिम्म बसून राहतो. दोन्हींचं तापमान एकच होतं. धातूतून उष्णता झरझर वाहते. तो तुझ्या हातातली उष्णता पटकन ओढून घेतो, म्हणून गार लागतो. आणि बर्फाला तशीच पटकन देतो, म्हणून बर्फ वितळतो. आपल्या त्वचेला वस्तूचं तापमान थेट कळत नाही, उष्णता किती वेगानं येते-जाते ते जाणवतं.

त्याच मापाचा आणखी एक प्रयोग इंग्लंडच्या जॉन लॉक या तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात नोंदवला. तीन भांडी घ्यायची: एकात सोसवेल इतकं गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवून मग दोन्ही मधल्या भांड्यात घालायचे. एक हात म्हणतो पाणी गार आहे, दुसरा म्हणतो गरम आहे, आणि दोन्ही हात तुझेच! तेव्हा कपाळाला हात लावून ‘ताप नाही गं’ असं कुणी म्हणालं तर मान डोलाव आणि थर्मामीटर लाव. पंख्याचंही तेच. पंखा खोली थंड करत नाही, त्याची मोटर उलट जराशी उष्णताच सोडते. तो फक्त अंगावरचा घाम लवकर वाळवतो. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्यात काडीचाही अर्थ नाही, आणि ही गोष्ट तू ऐकतेस अशी मला आशा आहे.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर हे पक्कं लक्षात ठेव. भाजलं तर त्या जागेवर नळाचं साधं गार पाणी सलग २० मिनिटं सोडायचं. वीस म्हणजे घड्याळात वीस, दोन मिनिटांत कंटाळायचं नाही. वरवर काही झालं नाही असं वाटलं तरी आत साठलेली उष्णता कातडीच्या खालच्या थरांना भाजत राहते, ती काढून घ्यायची असते. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढ. बर्फ लावायचा नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही.

आता डोळे. कागदावर एक फुली काढ आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठसठशीत टिंब. डावा डोळा मीट, उजव्यानं फक्त फुलीकडे बघ आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आण. ३० सेंटिमीटरच्या आसपास टिंब गायब होईल. डोळ्यातली नस जिथून मेंदूकडे निघते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला एक भोक असतं. सतराव्या शतकात एद्म मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते दाखवून दिलं, तोवर कुणाला पत्ताच नव्हता. पण गंमत पुढे आहे: टिंबाच्या जागी तुला काळं भगदाड दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मेंदू आजूबाजूचं बघून रफू करतो आणि ते रफू तुला खरं वाटतं. (ऑक्टोपसच्या डोळ्याला हे भोक नाही, त्याच्या नसा प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या मागून निघतात. तीन हृदयांपेक्षा मला त्याचा हा गुण मोठा वाटतो.)

मग आरशासमोर उभी राहा आणि आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्याकडे बघ. डोळे हललेले तुला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेवढ्या क्षणात मेंदू चित्र दाबून टाकतो. सायकलवरून चौकात येताना हे आठव. मान भर्रकन इकडून तिकडे फिरवली म्हणजे रस्ता बघितला असं होत नाही. मधल्या उडीत अख्खी मोटरसायकल हरवू शकते. नजर दोन-तीन ठिकाणी थांबव, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा एकदा बघ.

तुझ्या यादीच्या शेवटी ‘यशस्वी माणसांच्या सवयी’ होत्या. पहाटे उठतात, थंड पाण्यानं अंघोळ करतात वगैरे. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वॉल्ड या गणितज्ञाकडे अमेरिकी लष्कराचा एक प्रश्न आला होता. लढाईतून परतलेल्या विमानांना कुठे किती गोळ्या लागल्या याची माहिती होती, आणि चिलखत कुठे चढवायचं ते ठरवायचं होतं. जिथे जास्त छिद्रं तिथे चढवा, असंच कुणालाही वाटेल. वॉल्डच्या विचाराची दिशा उलटी होती. ही विमानं तर परत आली, म्हणजे तिथे गोळी लागून विमान तगतं. ज्या जागी छिद्रं कमी दिसतात, तिथे लागलेली विमानं परत आलीच नाहीत. आता पहाटे उठणाऱ्यांकडे असं बघ. पहाटे उठूनही काही न जमलेले लोक त्या यादीत कुठे आहेत? त्यांची मुलाखत कुणी घेतलीच नाही. लवकर उठायला माझी हरकत नाही, ऊठ; पण त्या यादीसाठी उठू नकोस.

पैशाबद्दल एकच गोष्ट, कारण शाळेत ती कुणी नीट सांगत नाही. साधा कागद, जाडी ०.१ मिलिमीटर. तो ४२ वेळा दुमडता आला असता तर थप्पी सुमारे ४ लाख ४० हजार किलोमीटर झाली असती. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजारांवर आहे. प्रत्यक्षात सात-आठ घड्यांतच हात टेकावे लागतात. ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकेतल्या शाळकरी मुलीनं २००२ साली किलोमीटरभराहून लांब टॉयलेट पेपर वापरून १२ घड्या घातल्या, आणि त्यासाठी आधी स्वतः सूत्र मांडलं. दुपटीचा हा वेग डोक्याला झेपत नाही, म्हणून एक सोपा आकडा: ७२. त्याला वार्षिक चक्रवाढ व्याजदरानं भाग, साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. ६ टक्क्यांनी ठेवलेले पैसे बारा वर्षांत. ३६ टक्क्यांनी घेतलेलं, न फेडलेलं कर्ज दोन वर्षांत! कुणी काही देऊ केलं की सही करायच्या आधी हा भागाकार कर.

बाकी किरकोळ, पण कामाचं. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटं चिमटीत धरायचा. ब्लीच आणि आम्लाचं संडास-क्लीनर कधीही एकत्र करू नकोस, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. झाकण घट्ट बसलेल्या बरणीवर, फक्त झाकणावर, गरम पाणी सोड; धातू काचेपेक्षा जास्त फुगतो. जाड काचेचा ग्लास उकळत्या पाण्यानं पातळ ग्लासापेक्षा लवकर तडकतो, कारण आतली बाजू फुगते आणि बाहेरची गारच राहते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोज आणि तिनानं भाग, तितके किलोमीटर ती दूर. पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजे आत जायची वेळ झालेली आहे, हिशेब आत बसून कर. आणि अभ्यास करताना धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढ. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, लिहिताना कळतं. एक दिवसाआड, मग आठवड्यानं पुन्हा.

जाता जाता एक काम देतो. २३ माणसं एका खोलीत असतील तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ४० असतील तर सुमारे ८९ टक्के. पटत नाही, कारण आपण ‘माझ्याशी कुणाचा जुळतो’ असा विचार करतो. इथे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची असते, आणि ४० जणांत अशा ७८० जोड्या होतात. कुणी डोळे मोठे करून ‘केवढा हा योगायोग’ म्हणालं की आधी जोड्या मोजाव्यात. तुझ्या वर्गात चाळिसाच्या आसपास मुलं आहेत ना? सगळ्यांच्या तारखा विचार आणि काय निघालं ते कळव. एकही जोडी जुळली नाही तरी कळव.

तुझा,
बाबा