लाकडाचा भाव की नावेचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या दुचाकीची किंमत कशी काढावी, यावर आपल्या पुरवणीत मध्यंतरी चांगला मजकूर आला होता. मॉडेल कुठल्या सालचं, किती किलोमीटर पळाली, विमा आहे का, हे सगळं कागदावर असतं. आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात विकायला निघाली ती मासेमारीची नाव. तिला ना आरसी बुक, ना मीटर.

नाव माझ्या मोठ्या बाबांची. कुही तालुक्यात अंभोऱ्याजवळ, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात चालायची. अठरा फुटी, सागवानी. मोठे बाबा थकले, मुलं पुण्यात. मी नागपुरात बँकेत नोकरी केली, तारणाच्या मूल्यांकनाचे अहवाल चाळण्यात हयात गेली, म्हणून विकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नावेपुढं त्या अहवालांचा काडीचा उपयोग झाला नाही.

मोठ्या बाबांनी पन्नास हजार सांगितले. का, तर दहा वर्षांपूर्वी बांधायला तेवढे लागले होते. पहिला व्यापारी आला तो नावेला हातही न लावता म्हणाला, "अकरा हजार. लाकडाचा भाव देतो मी भाऊ, नावेचा नाही." एकजण आपला खर्च मोजत होता, दुसरा सरपण. नाव अजून किती हंगाम पाण्यावर टिकेल, हे दोघांनीही पाहिलं नाही.

ते पाहिलं एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं. नाव अकरा महिने काठावर उन्हात पडली होती, फळ्यांच्या फटीतून पलीकडचं दिसत होतं. मी तोंड वाईट केलं तर म्हणतो, "चार दिवस पाण्यात राहू द्या न बाप्पा तिले, मग बोला." उन्हानं लाकूड आकसतं, पाण्यात फुगलं की सांधे आपोआप मिटतात. आम्ही ती काठाशीच दगड घालून बुडवली. पाचव्या दिवशी पाणी उपसलं तेव्हा बहुतेक फटी मिटल्या होत्या, दोनच जागी पाणी झिरपत होतं. मग तो पेचकसाचं टोक दाबत दाबत सगळीकडून फिरला. तळ टणक निघाला. पुढच्या बैठकीखाली मात्र, जिथं फळी बरगडीला, म्हणजे आतल्या आडव्या आधाराला, बसते, तिथं टोक बोटाच्या पेरभर आत गेलं. नाव सडते ती बहुधा आत साचलेल्या पावसाच्या पाण्यानं, हे मला तिथं कळलं. खिळ्यांभोवती काळे डागही होते, म्हणजे लोखंड गंजून लाकूड खायला लागलेलं. हे सगळं डांबराखाली झाकलं जातं, म्हणून विकायच्या आदल्या आठवड्यात डांबर फासलेली नाव मी तरी घेणार नाही.

हिशेब त्यानंच मांडला. अशीच नवी बांधायची तर आज ७५ हजार, आणि निगा राखली तर वीसेक हंगाम. आमच्या नावेचे दुरुस्तीनंतर दहा. म्हणजे निम्मे, साडेसदतीस हजार. तीन फळ्या, दोन बरगड्या, खिळे, फटीत ठोकायचा कापूस, डांबर आणि मजुरी मिळून १३ हजार, ते वजा. राहिले साडेचोवीस. घासाघीस होणारच, म्हणून आम्ही २७ सांगितले. जाळी वेगळी विकली. नायलॉन उन्हानं ठिसूळ होतं, आणि नावेसोबत दिलं की त्याचा वेगळा पैसा कोणी देत नाही.

हे गणित सगळीकडे बसेलच असं नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. ज्याचा अर्ज मंजूर झाला तो जुन्या नावेची तुलना नव्या नावेतल्या आपल्या वाट्याशी करतो, पूर्ण किमतीशी नाही. दुसरी गोष्ट ठेक्याची. मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. सभासद नसलेल्यानं नाव घेतली तरी त्याला जाळं टाकता येत नाही. म्हणजे खरे गिऱ्हाईक आसपासच्या गावांतले मोजके, आणि हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आमची नाव शेवटी एका सभासदानंच साडेतेवीस हजारांना घेतली. त्याला शोधायला दोन महिने आणि नागपूरहून सहा चकरा लागल्या. गरजू माणूस एवढा थांबत नाही, तो अकरा हजारांत देऊन मोकळा होतो.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला आणि सहकारी संस्थांना विनंती आहे. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक दिवस ठरवून सभासदांच्या नावा जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात आणि एक साधी चिठ्ठी द्यावी: लांबी, लाकूड की फायबर, बांधल्याचं साल, कुठं कुजली आहे, दुरुस्तीला अंदाजे किती लागतील. शे-दोनशे रुपये शुल्क घेतलं तरी कोणी कुरकुरणार नाही. विकायच्या नावांची यादी संस्थेच्या फळ्यावर लावली, तर माझ्या सहा चकरांतल्या पाच तरी वाचल्या असत्या.

— एक वाचक, नंदनवन, नागपूर