रुई तोडू नका, लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटी आमच्या वाड्यावरच्या रस्त्याच्या कडा साफ करायला माणसं आली, ग्रासकटर घेऊन, पावसाआधी दरवर्षी येतात तशी, आणि दुपारपर्यंत गवताबरोबर रुईची सहा-सात मोठी झाडंही बुंध्यापासून गेली. फुलावर होती सगळी. चीक रस्त्यावर सांडलेला, आणि एका तुटलेल्या फांदीवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या तशाच पान खात बसलेल्या. त्यातल्या चार मी फांदीसकट घरी आणल्या, बाकी सगळं टेम्पोत भरून गेलं. फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

हल्ली रुपेरी पानांच्या झाडांची लोकांना खूप हौस आहे, नर्सरीत लॅव्हेंडर, डस्टी मिलर असलं काहीबाही मिळतं. मीपण दोनदा आणली. मेपर्यंत छान राहतात आणि जूनचे चार पाऊस झाले की पानं काळी पडून बुळबुळीत होतात. पान रुपेरी दिसतं ते वरच्या बारीक लवेमुळे, ती लव ऊन परतवते, पानातलं पाणी लवकर उडू देत नाही, म्हणजे ती सोय कोरड्या हवेसाठीची. आपल्याकडे गोव्यात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात ती बिचारी कुजणारच. रुईच्या पानावरही तशीच पांढरट लव असते, बोटानं पुसली तर पावडरीसारखी निघते, पण खालचं पान जाड, मेणचट, आणि झाड इथलंच, समुद्राकाठच्या रेतीत, चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत, कुठंही उगवतं. मुळाशी पाणी तेवढं तुंबायला नको.

लावायला काही कष्ट नाहीत. पाऊस ओसरला की वीतभर लांबीची जाड फांदी घ्यायची, एक दिवस सावलीत ठेवून चीक वाळू द्यायचा आणि रेती मिसळलेल्या मातीत खोचायची. मूळ खोल जातं म्हणून कुंडीपेक्षा जमीनच बरी, भरपूर उन्हाची जागा बघून. माझी रुई गडग्याला लागून आहे, खत नाही, उन्हाळ्यात पाणी नाही, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पाचवं वर्ष आहे, माझ्यापेक्षा उंच झालीय. जांभळट पाच पाकळ्यांची फुलं, मेणाची केल्यासारखी, मधे मुकुट, आणि मोठा काळा भुंगा येऊन बसला की अख्खा झुबका खाली वाकतो. पानाखाली पिवळा मावा पडतो, पण कृपा करून औषध मारू नका, थोड्या दिवसांत ढालकिडे येतात आणि तो खाऊन टाकतात.

एक गोष्ट मात्र नीट सांगायलाच हवी, चीक डोळ्यात जाता कामा नये. दोन वर्षांपूर्वी छाटणी करताना मी चुकून त्याच हातानं डोळा चोळला, तेव्हा काहीच दुखलं नाही, संध्याकाळी मात्र सगळं धूसर दिसायला लागलं. डॉक्टरकडे गेले, औषध चाललं, आठवड्यानं नजर साफ झाली. तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच तोडा, डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्यानं धुवून लगेच दवाखाना गाठा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाताला येणार नाही अशा जागी लावा.

शेजारी म्हणतात दारात रुई नको. पण शनिवारी मारुतीला माळ घालायला हीच पानं लागतात, रथसप्तमीला सात पानं डोक्यावर ठेवून आंघोळ करायची तर हीच लागतात, आणि तेव्हा गावभर शोधत फिरायचं! ज्या झाडाला आपण अर्क म्हणजे सूर्याचं नाव दिलं ते घरापाशी का नको, हे मला तरी कुणी पटवून दिलेलं नाही.

त्या चार अळ्या मी माझ्याच रुईवर सोडल्या. अळी आधी पानाची मधली शीर कुरतडते, चीक गळून जाऊ देते आणि मग पुढचं पान खाते, तासभर बघत बसले होते मी. रुईचं विष तिच्या अंगात साठतं म्हणून पक्षी पुढं फुलपाखरालाही सहसा शिवत नाहीत. कोष हिरवे, त्यावर सोन्याचे बारीक ठिपके, आणि चारही कोषांतून केशरी फुलपाखरं निघाली, प्लेन टायगर म्हणतात ती. ही अळी रुईसारख्या चिकाच्या झाडांवरच वाढते, ती झाडं गेली की तीपण गेली.

वळणावर समोरचं दिसत नसेल तर तिथली रुई तोडा, त्याला माझी ना नाही. पण जी गटाराच्या पलीकडे, कुणाच्या वाटेत नाही, ती गवत समजून कापू नये, आणि कापणाऱ्यांना कामाआधी कुणीतरी तेवढं सांगावं. रस्त्याकडेच्या त्या बुंध्यांना आता परत फुटवा आलाय. पुढच्या मेमध्ये ते राहू द्यावेत, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक, बार्देश