शाळेच्या आवारातील कार्यशाळांबाबत सूचना

माजी विद्यार्थी संघाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, शाळेमागील दोन रिकाम्या खोल्या सुतारकाम व वेल्डिंगच्या व्यावसायिकांना नेहमीचा व्यवसाय तेथूनच चालविण्यासाठी, व मुलांना त्यांचे काम रोज पाहता यावे म्हणून, देण्याचा प्रस्ताव शनिवारी सायंकाळी ५ वाजता सभागृहात चर्चेस येईल. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करत शिकण्याची वाट दाखविली, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसोबत घालविण्याची तरतूद आहे. आमच्या मते दहा दिवस अपुरे आहेत. गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावून चौकट तपासणारा सुतार रोज दिसला, तर भूमितीतला काटकोन मुलांच्या हाताला कळेल. वेल्डिंग मात्र त्यांनी संरक्षक काचेतूनच पाहावे. सूचना शुक्रवारपर्यंत लेखी द्याव्यात.