रेकॉर्ड रूमच्या नानांना जाहीर आभार

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, तुमच्या वक्तशीरपणाचं आणि डब्यातल्या जवसाच्या चटणीचं कौतुक झालं. आपल्या महापालिकेचे जुने कागद संगणकावर शोधून देणाऱ्या ई-अभिलेख प्रणालीचं उद्घाटनही त्याच सुमारास झालं. त्याच्या बातमीत साहेब होते, फीत होती, मोठा स्क्रीन होता. त्या प्रणालीत तुमचं किती आहे हे आम्हा संगणक विभागातल्या मोजक्या लोकांनाच माहीत आहे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. तुम्हाला ते फारसं रुचणार नाही, याची कल्पना आहे.

काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, स्कॅनिंग. निविदेतला दर पानामागे, बिल पानामागे, आणि आढावा बैठकीत पहिला प्रश्न "पानं किती झाली?" दर पानावर ठरला की कंत्राटदाराला कुठलाच कागद टाकाऊ वाटत नाही. रजेचे अर्ज, चहापाण्याच्या पावत्या, एकाच परिपत्रकाच्या तीन-तीन झेरॉक्स, सगळं यंत्रात जायला तयार. तुम्ही पहिल्याच बैठकीत म्हणालात, आधी वर्गवारी, मग यंत्र. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा, क-१ पाच, ड एक वर्षाचा. मुदत संपलेलं रीतसर यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट करायचं आणि जे राहील तेच स्कॅनला द्यायचं.

यात नवीन काहीच नव्हतं. कागद प्रकारवार सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत सरकारी नोकरीत लागलेल्या प्रत्येक लिपिकाला शिकवतात. ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखीना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात हीच शिस्त बसवून दाखवली आणि 'लखीना पॅटर्न' राज्यभर गाजला. पण शिकवलेलं आणि पाळलेलं यांत आपल्याकडे किती अंतर असतं, ते तळघरातल्या त्या गठ्ठ्यांकडे पाहिल्यावर कळत होतं. तुमच्या दोन खोल्या सोडल्या तर बाकी विभागांनी 'रेकॉर्ड' म्हणून जे पाठवलं होतं, त्यात वाळवीचा वाटा माणसांपेक्षा जास्त होता.

बैठकीत कुणीतरी मंत्रालयाच्या आगीचा दाखला दिला. २१ जून २०१२ ला वरचे मजले जळाले, फाइली गेल्या, त्यानंतर सरकारला ई-ऑफिसची निकड पटली, तेव्हा आपणही वेळ न घालवता दिसेल ते स्कॅन करावं, असा त्यांचा मुद्दा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, आगीनंतर पहिलं काम असतं ते काय जळालं हे ठरवायचं. त्याला यादी लागते. यादी नसेल तर काय गेलं हेसुद्धा कळत नाही." बैठक तिथे संपली नाही, आणखी तासभर चालली, पण निर्णय तुमच्या त्या वाक्यावर झाला. स्कॅनर आले तरी खोक्यातच राहिले. आधी रजिस्टरं उघडली गेली.

जुनी माणसं संगणकाला आडवी येतात, ही आमच्या विभागातली आवडती तक्रार आहे. तुमच्याबद्दलही ती झाली. माझं मत विचाराल तर त्या सबंध कामात संगणकाचा विचार सगळ्यांत खोलवर तुम्हीच केलात, कारण तुम्ही तो खिडकीच्या बाजूने केलात. कुठलाही मुद्दा निघाला की तुमचा ठरलेला प्रश्न यायचा, खिडकीवरचा माणूस येऊन काय सांगेल?

सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधासाठी चार रकाने दिले होते. विभाग, नस्ती (म्हणजे फाइल) क्रमांक, वर्ष, विषय. कागदावर हे झकास. तुम्ही विचारलंत की नस्ती क्रमांक सांगणारा नागरिक कुणी पाहिला आहे का. खिडकीवर येणारी बाई सांगते, "तालमीमागचा आमच्या आजेसासऱ्यांचा वाडा." तिच्याकडे असते ती फार तर एखादी जुनी घरपट्टीची पावती. त्या पावतीवरचा घर क्रमांक मधल्या फेरआकारणीत बदललेला, रस्त्याचं नाव बदललेलं, वॉर्डाच्या हद्दी बदललेल्या, वाडा पडून तिथे इमारत उभी. सिटी सर्व्हे नंबर तेवढा टिकून, पण तो नेमका तिला ठाऊक नसतो. मग तुम्ही कपाटातून ती जाड वही काढलीत. डावीकडे जुना घर क्रमांक, उजवीकडे नवा, मग सि.स.नं., मग पूर्वीच्या मालकाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात लोक त्या जागेला काय म्हणतात ते. गिरणीची गल्ली, टांगा स्टँड, काळा हौद. ही वही तुम्हाला कुणी करायला सांगितली नव्हती, कुठल्या नियमपुस्तिकेत तिला नमुना क्रमांकही नाही.

आज आमच्या प्रणालीत कुणी 'टांगा स्टँड' टाकलं आणि बरोबर मिळकतीची नस्ती समोर आली, की तो तुमच्या वहीतला शेवटचा रकाना असतो. हद्दवाढीत आलेल्या गावांचे ग्रामपंचायतीचे नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची रजिस्टरं, पोत्यांतून आले होते. त्यांच्यासाठीही तुम्ही तशीच जोडयादी करून घेतलीत. त्या गावांतल्या जुन्या लोकांना चहाला बोलावून. त्या चहाचं बिल तुम्हीच भरलंत, हे मी आता सांगून टाकते.

दुसरा किस्सा नकाशांचा. बांधकाम परवानगीच्या फाइली स्कॅन व्हायला लागल्या तेव्हा जागा वाचावी म्हणून यंत्र काळ्या-पांढऱ्यावर लावलेलं होतं. फाइल छोटी, काम झटपट. तुम्ही एक मंजूर नकाशा स्क्रीनवर पाहिलात आणि काम थांबवायला लावलंत. नकाशावर प्रस्तावित काम लाल रंगात भरलेलं असतं, पाडायचा भाग पिवळ्या रेघांनी दाखवलेला, अस्तित्वातला रस्ता हिरवा. रंग गेला की कुठली भिंत बांधायची होती आणि कुठली पाडायची होती हेच कळेनासं होतं. पुनर्विकासाच्या वादात सोसायट्या आणि वकील ज्यासाठी खिडकीवर येतात तेच नेमकं पुसलं जाणार होतं. तेव्हापासून नकाशे रंगीत आणि पूर्ण मापात. साठवणुकीचा खर्च वाढला म्हणून एका बैठकीत मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्यावर तुमचा शेरा होता, "वाचता येत नाही असा नकाशा ठेवण्यापेक्षा भिंतीला कॅलेंडर लावा."

पाठपोट पानांचंही तसंच. स्कॅन करणारी मुलं पुढची बाजू घ्यायची आणि पान उलटून ठेवायची. टिपणीच्या पाठीमागे अधिकाऱ्याचा हिरव्या शाईतला आदेश असतो आणि सगळी नस्ती त्या दोन ओळींसाठी जपलेली असते, हे तुम्ही त्या मुलांना एकेका नस्तीवर दाखवलंत. टिपणी विभाग आणि पत्रव्यवहार विभाग वेगळा का, पताका कशासाठी, पान क्रमांक मागून पुढे का जातात, सगळं. ती मुलं पानामागे पैसे मिळवणारी, दहावी-बारावीची. त्यांना इतक्या आदराने समजावणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांतला एक आता स्पर्धा परीक्षा देतो आहे आणि प्रशासनाच्या पेपरला तुमची उदाहरणं लिहितो.

जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे तुम्ही आडवे आला नसतात तर नुकसान कायमचं झालं असतं.

प्रणालीत बाळाचं नाव हा रकाना सक्तीचा होता. तो भरल्याशिवाय नोंद पुढे जाईना. आता जुन्या रजिस्टरांत नाव असतंच कुठे? जन्माची खबर देताना बारसं झालेलं नसायचं. 'मुलगा', 'मुलगी', बापाचं नाव, पत्ता, तारीख, एवढ्यावर नोंद संपते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही नाव मागाहून घालायची सोय त्यासाठीच आहे. पण यंत्र हटून बसलं की भरणारा काहीतरी भरतोच. कुणी 'बाळ' लिहिलं असतं, कुणी 'निरंक', कुणी बापाचंच नाव पुन्हा. आणि वीस वर्षांनी कुणाच्या तरी दाखल्यावर 'निरंक' हे नाव म्हणून छापलं गेलं असतं! तुम्ही सांगितलंत, रिकामं ते रिकामंच ठेवा, रिकामं असणं हीसुद्धा नोंद आहे. सक्ती काढली. शोध वडिलांच्या नावावर, तारखेच्या मागच्या-पुढच्या टप्प्यावर आणि पेठेवर ठेवला.

मग २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आपल्या खिडकीवरची रांग जिन्यापर्यंत गेली. जुन्या रजिस्टरांत जातीचा रकाना, काही पानं मोडीत, कुठे 'कुणबी', कुठे 'कुळवाडी', कुठे नुसतं 'कु.' आणि पुढे शाईचा डाग. वरून घाई, बाहेरून दबाव. नोंद करताना 'कु.' चं सरळ 'कुणबी' करून टाका, असं सुचवणारेही होते, काही तर अगदी चांगल्या मनाने. तुम्ही ठाम राहिलात. जे लिहिलं आहे ते अक्षरशः तसंच उतरवायचं, डाग असेल तर 'अवाच्य' म्हणायचं, मोडी वाचणाऱ्याने लावलेला अर्थ शेजारच्या वेगळ्या रकान्यात, त्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी. अर्थ काय घ्यायचा ते ज्यांचं काम आहे ते ठरवतील. रांगेतल्या माणसाला हे तेव्हा कोरडं वाटलं असेल. पण त्याच्या हातात पडलेली प्रत उद्या कुणी तपासली तर मूळ पानाशी तंतोतंत जुळेल, आणि त्याला खरा आधार तोच आहे.

त्या दिवसांत तुम्ही जेवायच्या सुट्टीतही खिडकी बंद केली नाहीत. एका आजोबांना रजिस्टरचं पान हाताळता येणार नव्हतं, कोपरे चुरत होते, तर तुम्ही त्यांना आत बोलावून स्क्रीनवर त्यांच्या वडिलांची नोंद मोठी करून दाखवलीत. नव्या प्रणालीचा त्याहून चांगला उपयोग मी अजून पाहिलेला नाही.

कायद्याचं तुम्ही फारसं बोलायचा नाहीत, पण तुमच्या टेबलाच्या काचेखाली दोन कात्रणं कायम असत. एक माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चं, अभिलेख सूचीबद्ध ठेवा आणि योग्य ते संगणकीकृत करा असं सांगणारं. दुसरं महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चं. नियम मोडून अभिलेख नष्ट केला किंवा बाहेर नेला तर ५ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात आहे. 'फाइल सापडत नाही' हे उत्तर आपल्या कार्यालयांत किती सहज दिलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या खोलीतून नस्ती बाहेर गेली की तिच्या जागी गुलाबी चिठ्ठी लागायची. कोण घेऊन गेलं, कधी, कुणाच्या सहीने. नव्या प्रणालीत कुणी कुठली नस्ती उघडली, किती वाजता, काय बदललं याची नोंद आपोआप पडते आणि ती आम्हालाही पुसता येत नाही. हा भाग मागून घेताना सॉफ्टवेअरवाल्यांना मी तुमच्या गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच दाखवला होता. काही वरिष्ठांना ही आपोआप पडणारी नोंद फारशी आवडलेली नाही, असं कानावर आलं आहे. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल.

स्कॅन झालं की अ वर्गाचे मूळ कागद रद्दीत काढून जागा मोकळी करायची, ही कल्पनाही तुम्ही उडवून लावलीत, आणि आता तर ती अधिकच चुकीची वाटते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, हॅश मूल्यासकट, म्हणजे फाइल बदलली की बदलणाऱ्या तिच्या डिजिटल ठशासकट. ते आम्ही देऊ शकतो, प्रत्येक फाइलचं हॅश मूल्य स्कॅन करतानाच नोंदलेलं आहे. पण प्रतिपक्षाने मूळ कागद मागितला तर तो दाखवता आला पाहिजे. तो आहे. खाली, तुम्ही लावलेल्या क्रमाने, डांबरगोळ्यांसकट.

या सगळ्यासाठी मनापासून आभार. तुमच्याकडून शिकायला मिळालं याचे आणि शिकवताना तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत याचेही. घरी काकूंनाही माझा नमस्कार सांगा. वर्गवारीच्या काळात तुम्ही रोज उशिरा घरी गेलात, त्याचा हिशेब त्यांनीच सोसला.

आता एक काम. नव्वदच्या दशकातली पत्रं संगणकावर टाइप केलेली आहेत खरी, पण जुन्या फाँटमध्ये. युनिकोडमध्ये आणताना त्यातली जोडाक्षरं फुटतात आणि नावं ओळखू येत नाहीत. मूळ छापील प्रतींशी ताडून पाहायला माणूस हवा आहे. शिवाय पाणीपुरवठ्याच्या नळजोड रजिस्टरात काही नोंदींपुढे लाल पेन्सिलीने वर्तुळं आहेत, त्यांचा अर्थ त्या विभागात कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी रजिस्टरांचे फोटो घेऊन घरी येते. गुरुवार सोडून, त्या दिवशी आढावा बैठक असते आणि तिथे अजूनही पहिला प्रश्न पानांचाच असतो.

आपली,
संगणक विभागातली, तुमच्या शेजारच्या खोलीतली