गुड्डी, एकदा मागे जाऊन बस

गुड्डी बेटा,

फोनवर तू पाच मिनिटात "बाबा मीटिंग आहे" म्हणते, म्हणून लिहूनच राहिलो. टायपिंग हळू आहे माझं, चुका काढू नको.

परवा तू तो व्हिडिओ पाठवला न, शिकागोच्या मिलेनियम पार्कचा, लोक गवतावर चादरी टाकून बसले अन् लांब स्टेजवर ऑर्केस्ट्रा, तो मी अकरा वेळा पाहिला. आई म्हणे एवढं काय आहे त्यात. मी म्हटलं गाणं कोण ऐकून राहिलं, मी खांब शोधून राहिलो. एवढं मोठं मैदान अन् मधात एक खांब नाही, जमिनीवर स्पीकरचा एक बॉक्स नाही, वायरीत पाय अडकून कोणी पडत नाही. मग दिसलं, वर लोखंडी पाइपांची जाळी आहे, पूर्ण गवतावर मांडव घातल्यासारखी, अन् स्पीकर तिलाच लटकवलेले. फ्रँक गेरी नावाच्या आर्किटेक्टचं काम आहे म्हणे, २००४ ला उघडलं, खुर्च्यांवर ४ हजार अन् गवतावर ७ हजार माणूस बसते. मांडववाला असावा तर असा!

तुला झाडीपट्टीच्या नाटकांचे ते दिवस आठवतात का? दिवाळी झाली का वडसाकडून बुकिंग यायचं, मी टेम्पोत साउंडचे बॉक्स टाकून गायब. तू तिसरी-चौथीत असशील. एका गावात पब्लिक खूप आलं, शेताच्या धुऱ्यापर्यंत, तर मी शेवटी दोन बॉक्स जास्तीचे लावले, वाटलं लय हुशारी केली. अर्ध्या तासात मागून ओरडा सुरू, "ओ साउंडवाले भाऊ, हिरो दोनदा बोलून राहिला!" खरंच बोलत होता. वायरीतून आवाज लगेच मागे पोचे अन् स्टेजजवळच्या बॉक्सचा हवेतून मागाहून येई. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच जाते, म्हणजे १०० मीटरवर जवळपास ०.३ सेकंदाचा घोळ. हिरोईन मरता मरता "नाथ" म्हणाली, मागच्यांना "नाथ... नाथ". जिथं बायांनी पदर डोळ्याला लावायचा तिथं लोक हसले. कंपनीच्या मालकानं माझे पैसे कापले, बरोबरच कापले.

उपाय एकच, मागचे बॉक्स मुद्दाम उशिरा वाजवायचे, समोरचा आवाज तिथवर आला का मगच. त्याचं डिलेचं मशीन घ्यायला मला पुढे नऊ वर्षं लागली. तुझ्या त्या जाळीत हा डिले मोजून बसवला आहे, अन् वरून काही स्पीकर फक्त यासाठी का भिंती नसतानाही भिंतीवरून आवाज परत आल्यासारखं वाटावं. उघड्यावर बसून आपल्या नागपूरच्या देशपांडे सभागृहात बसल्यासारखं ऐकू यावं, विचार कर. मी आईला हे सांगत होतो तर ती कुकर लावायला उठून गेली.

अन् हे सगळं फुकट. तुझ्या व्हिडिओतला कार्यक्रम ज्यातला आहे तो ग्रँट पार्कचा उन्हाळी म्युझिक फेस्टिव्हल १९३५ पासून चालू आहे. तेव्हा मंदी होती, वादक घरी बसले होते, तर त्यांच्या युनियनच्या पेट्रिलो नावाच्या पुढाऱ्यानं खटपट केली का यांना काम मिळावं. हे वाचून मला कोविडचे ते दोन सीझन आठवले, बॉक्स गोडाऊनमध्ये अन् उंदरांनी स्पीकरचे कोन कुरतडलेले. जाऊ दे.

इकडे नवतपा संपून इतके दिवस झाले तरी कूलरसमोरून हलवत नाही, उन्हाळ्यात मैदानात गाणं ऐकायचं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. तिकडे हेच चार महिने बाहेर बसायचे अन् तू रूमवर लॅपटॉप पाहून राहिली. जूनमधला ब्लूज फेस्टिव्हल तर घालवलाच तू, तोही फुकट होता. ब्लूज गाणारा मडी वॉटर्स तिथलाच, १९४३ ला मिसिसिपीहून आला, क्लबच्या गोंगाटात साधी गिटार कोणाला ऐकू येईना म्हणून इलेक्ट्रिक धरली. आमच्या लाइनचा माणूस. शिकागोजवळच्या रॅव्हिनिया पार्कलाही गाणं ऐकायला जा, ट्रेन गेटसमोरच थांबते, लोक डबे अन् मेणबत्त्या घेऊन गवतावर बसतात, तिथं मात्र तिकीट लागते. पोहे घेऊन जा डब्यात, वरून शेव वेगळी ने, नाही तर मऊ पडते.

तू म्हणते ते म्युझिक समजत नाही अन् सोबत कोणी नाही. बेटा, अठ्ठावीस वर्षं साउंड केलं मी, राग मला आजही ओळखता येत नाही. पण तानपुरा माइकवर नीट बसला का अंगावर काटा यायचा, तेवढ्यावर रात्र निघायची. अन् सोबत कशाला लागते, मी तर नेहमी मिक्सरमागे एकटाच.

आई म्हणते जर्किन घेऊन जा, तलावाचं वारं लागते.

माझं एक काम कर. या शनिवारी गवतावर एकदम मागे, शेवटच्या पाइपाखाली जाऊन बस. मोठा ढोल वाजवणाऱ्याचा हात बघ. आवाज हातानंतर येईल, त्याचं काही नाही, लांबून येते तो. पण एकदाच येते का दोनदा, तेवढं मला रात्री लगेच कळव, किती वाजले पाहू नको.

तुझा बाबा