‘राजीखुशीने’खालच्या रेघेबद्दल

ताई,

तुमचं नाव वर मुद्दाम घातलेलं नाही. "आभारबिभार मानलेत तर पुढच्या वेळी चहा नाही," हा दम आम्ही सगळ्याजणींनी ऐकलाय. ज्यांना कळायचं त्यांना इंदिरानगर, तिसरा मजला, कायमची बंद लिफ्ट आणि गवती चहा एवढ्यावरून कळेल.

पत्र असं उघड लिहितेय, कारण माहेरच्या जमिनीतला हक्क सोडल्याच्या माझ्या ज्या लेखाबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत तो छापायचा नाही असं ठरलंय. का, ते पुढे येईल. लेख नाही तर नाही, आभार तरी छापून येऊ देत.

आपली ओळख सावानात झाली. (बाहेरगावच्यांसाठी: सार्वजनिक वाचनालय, नाशिक, 1840 सालचं. आम्ही नुसतं ‘सावाना’ म्हणतो आणि समोरच्याला कळलं असं धरून चालतो.) मी एका पुस्तकातला उतारा वहीत लिहून घेत होते. तुम्ही शेजारी बसलात, सरळ वहीत डोकावलात आणि विचारलंत, "उतरवून घेताय की लिहिताय?" मी म्हटलं, उतरवून घेतेय. "मग शेवटच्या दोन ओळी पुस्तकात कुठायत?" त्या माझ्या होत्या. कधी घुसल्या ते मलाच कळलं नव्हतं. तुम्ही पत्ता लिहून दिलात आणि उठताना म्हणालात, "दुसऱ्या शनिवारी या. दोन पानं आणा. फुलस्केप, समास सोडून."

मी शिकवण्या घेते, पाचवी ते सातवी. बी.ए. केलं तेही लग्नानंतर, मुक्त विद्यापीठातून, धाकटा मांडीवर असताना. स्त्रीवादी लिहिणाऱ्या बायका म्हणजे हातमागाच्या साड्या आणि मोठमोठी पुस्तकं, अशी माझी समजूत. तुमच्याकडच्या लिहिण्याच्या बैठकीला आले तर एक बँकेतली (दुसरा शनिवार तिच्या सुट्टीमुळेच ठरलेला), एक आशा कार्यकर्ती, एक डबे करणारी, एक सातपूरला कंपनीत पॅकिंगला जाणारी, दोन शिक्षिका. आणि सगळ्यांच्या पायात मोजे, कारण जानेवारी होता आणि नाशिकची फरशी होती.

तुमचे नियम ऐकून मी परतच निघाले होते. आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. चिठ्ठी उचलायची आणि जिचं नाव निघेल तिचं मोठ्याने वाचायचं. लिहिणारीने तोवर तोंड उघडायचं नाही. फोनवर फाइल पाठवायची नाही. जी ‘छान’ म्हणेल तिने पुढच्या वेळी चिवडा आणायचा. पहिल्या सहा महिन्यांत तीनदा मीच आणला.

माझं पहिलं लिखाण पॅकिंगवालीच्या वाट्याला आलं. नवऱ्याच्या घरी माझ्या नोकरीचा विषय कसा मिटवला गेला, त्यावर होतं. ती वाचता वाचता एका वाक्यावर अडखळली, मागे आली, पुन्हा वाचलं. तिथे मी नवऱ्याला वाचवायला एक ‘बहुधा’ घातला होता. लिहिताना तो मला दिसलाही नव्हता. दुसरीच्या तोंडून असा ऐकू आला जसा भरल्या स्वयंपाकघरात चमचा पडावा. कोणी काही बोललं नाही. घरी आल्यावर मी तो खोडला.

आता तो लेख.

माझे वडील 2019 च्या पावसाळ्यात गेले. निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग. दिवाळीच्या आत धाकट्या भावाचा फोन आला, "आक्का, एक सही आहे." आमच्याकडे ‘एक सही आहे’ म्हटलं की बहिणींना पुढचं विचारावं लागत नाही. दुय्यम निबंधकांचं कार्यालय, अंगठा, फोटो, अर्धा तास. बाहेर उसाचा रस. घरी साडी-चोळी. झालं हक्कसोड पत्र.

कायदा मला ठाऊक नव्हता असं नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रात 1994 पासून, देशभर 2005 पासून. पुढे 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हेही सांगून टाकलं की 2005 साली वडील हयात असायला हवेत असं काही नाही, हक्क जन्मानेच मिळतो. लेख लिहिताना हे सगळं मला तोंडपाठ होतं. सही करताना एवढंच पाठ होतं, की माहेर तुटायला नको.

लेखाची सुरुवात मी त्या कागदानेच केली होती. ‘मी’ने सुरू होणारा आणि खाली माझी सही असलेला माझ्या आयुष्यातला पहिला मोठा मजकूर मी लिहिलेलाच नाही. मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, विनामोबदला... ही भाषा वकिलाच्या टंकलेखकाची. ‘मी’ तेवढी माझी. त्यापुढे आठ पानं भाऊ-भावजयीचा उद्धार होता. त्या शनिवारी मला कळलं, की ‘छान’ हा शब्द न उच्चारता छान म्हणायच्या किती तऱ्हा असतात. बँकवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनातल्या मनात दिवाळी अंकाला पाठवून मोकळी झाले होते.

तुम्ही मात्र गप्प. कागद घरी ठेवून घेतलेत आणि आठवड्याने परत दिलेत. समास जवळजवळ कोरा. ‘राजीखुशीने’खाली पेन्सिलीची एक रेघ. आणि सहाव्या पानावर, जिथे मी भावजयीबद्दल लिहिलं होतं, की ‘ती दारात साडीची घडी मोडत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं’, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात: "हिचं माहेर कुठलं? तिथल्या सातबारा उताऱ्यावर ही आहे का?"

दोन दिवस मी तुमच्यावर चिडून होते, हे आज कबूल करते. वाटलं, माझ्यावर अन्याय झालाय आणि ही बाई मला समोरच्या पक्षाच्या चौकशा करायला लावतेय.

तिसऱ्या दिवशी फोन केला. भावजय बागेत होती, घडांना पेपर लावत. थंडीत दिवसा ऊन आणि रात्री गारठा असा फरक वाढला की मणी गुलाबी पडतात, पिंक बेरी म्हणतात त्याला. तो माल निर्यातीला चालत नाही, म्हणून एकेक घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचा. फोनमधून कागदाची करकर ऐकू येत होती. मी आडवळणाने विचारलं. ती सरळ म्हणाली, "मी बी दिली ना सही, आक्का. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. दोन भाऊ हायेत मला."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही इचारलं कधी?"

मग तिने साडीचं सांगितलं. त्या दिवशीची साडी तिनेच येवल्याहून आणली होती. तिच्या सहीच्या दिवशी तिच्या भावजयीने तिला दिली होती त्याच रंगाची. दारात उभी राहून ती घडी मोडत होती ती समाधानाने नव्हे. तिला तिची आठवत होती. आणि मी विचारलं, आता आपल्या बागेच्या उताऱ्यावर तरी तुझं नाव लागलं का? "माझं? नाही बा. ह्यांचंच." पंधरा वर्षं ती त्या बागेत घड गुंडाळतेय.

याच जिल्ह्यात, चांदवडला, 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. लाखाच्या वर बायका आल्या होत्या म्हणतात. त्यानंतर संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, म्हणजे शेतकऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. आमच्या गावातून चांदवडला ट्रॅक्टर गेला होता. आई गेली होती. मी सात वर्षांची, मला तिच्या पदरावरचा लाल बिल्ला आठवतो. आईच्या नावावर एक गुंठा झाला नाही. बिल्ला बरीच वर्षं सुयादोऱ्याच्या डब्यात होता. हे लेखात आधी नव्हतं. तुमच्या त्या एका ओळीनंतर एकेक आठवत गेलं.

लेख मी तीनदा पुन्हा लिहिला. भाऊ त्यातून सुटला असं नाही, पण सोसायटीचं कर्ज आणि अवकाळीत गेलेले दोन हंगाम घेऊन तो आत आला. भावजय तर अर्ध्या लेखाची मालकीण झाली. जमिनीची नाही, निदान लेखाची.

तिसरा खर्डा वाचायला पुन्हा पॅकिंगवालीच आली. वाचून कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्हा दोघींकडे सोडायला काहीतरी होतं." त्या दिवशी चहाला कोणी उठलं नाही. तिच्या घरी सातबारा हा शब्द कधी आलाच नव्हता, शेत म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली मजुरी. पुढच्या महिन्यात ती तिच्या आजीवरची चार पानं घेऊन आली. आजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होती, 2 मार्च 1930 ला सुरू झालेल्या. नाशकात राहणाऱ्या आम्हा बऱ्याचजणींना त्याबद्दल ‘बायकाही होत्या’ एवढे दोन शब्द माहीत. तुम्ही तिला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ दिलंत. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांकडे स्वतः जाऊन त्यांचं बोलणं या दोघींनी टिपलं आहे. सातपूरच्या बसमध्ये तिने ते दोनदा वाचलं. त्यानंतर मी माझ्या लेखात विरळणीला येणाऱ्या मजूर बायकांचा एक परिच्छेद घातला. एका परिच्छेदात तो हिशोब भागत नाही, हे मला कळतं. तिलाही कळतं. ती अजून माझं वाचते, आणि मी तिचं.

तुमचं एक वाक्य आम्ही सगळ्या उठताबसता वापरतो: "ताराबाईंना दुसरा शनिवार नव्हता." बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, पुण्यात 500 प्रती निघाल्या, आणि त्यांचं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. पहिलंही लोक विसरून गेले होते, ते स. गं. मालशांनी 1975 साली पुन्हा पुढे आणलं. मला तुमचं वाक्य जरा सोपं वाटतं, हे तोंडावरही बोलले होते. जोतिराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली होती की! तुम्ही म्हणालात, "पाठीराखा वेगळा आणि समासात पेन्सिल चालवणारी वेगळी." यावर आपलं अजून भांडण बाकी आहे.

छापण्याचं. लेख पूर्ण झाल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "तिला वाचून दाखवलास?" गावी जाऊन दाखवला, ओट्यावर बसून, भाऊ बाजार समितीत गेलेला असताना. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "समदं खरंय. पण छापू नका. धाकटीचं लग्न व्हायचंय." मी नाव बदलते म्हटलं. ती हसली. "तुमचं नाव खाली आलं का माझं आपोआप लागतंय." 1933 साली मालतीबाई बेडेकरांना टोपणनाव घेऊन विभावरी शिरूरकर व्हावं लागलं, ते मी शिकवण्यांमध्ये ‘त्या काळी’ म्हणून सांगत आले. आता ‘त्या काळी’ म्हणताना जीभ अडते. आपल्या बैठकीत यावर दोन तट पडले. गप्प बसून काही बदलत नाही म्हणणाऱ्या आशा कार्यकर्तीचं चूक नव्हतं. तुम्ही कोणाच्याच बाजूने बोलला नाहीत. मला मात्र भावजयीची परवानगी नसलेला लेख म्हणजे तिच्याकडून आणखी एक राजीखुशी काढून घेतल्यासारखं वाटलं. म्हणून तो कपाटात आहे. या पत्राचं तिला विचारलं. म्हणाली, "आभाराचं छापा. त्याला काय." म्हणूनच खाली माझंही नाव नाही.

आणि गेल्या रविवारची गोष्ट. भाऊ द्राक्षांची पेटी घेऊन आला. चहा घेतला, रस्त्यांच्या कामांना शिव्या दिल्या, गेला. पेटी रिकामी करताना तळाच्या वर्तमानपत्राखाली दुमडलेले दोन कागद मिळाले. फुलस्केप. डाव्या हाताला पट्टीने आखून समास सोडलेला. आपण काय वाहून आणलं, याचा त्याला पत्ता नाही.

या शनिवारी तिचे कागद मी चिठ्ठीत टाकणार नाही. नियम मोडतेय, एकदाच. ते तुम्ही वाचा. अक्षर फार बारीक आहे, पेन्सिलीने लिहिलंय, तेव्हा नवा चष्मा तोवर आणून ठेवा. आणि चिवडा कोणी आणू नका, घरात अजून आठ किलो द्राक्षं आहेत.

तुमची,
शेवटच्या दोन ओळीवाली