आधी फ्रिज बघ

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर मी दोनदा नंबर लावायला घेतला आणि दोन्ही वेळा राहू दिलं. बोलले तर पुन्हा तेच बोलेन, म्हणून लिहिते आहे. तू शुगर २९० म्हणालीस आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, तर "काय खाल्लंस?" नंतर तू जी गप्प झालीस, ते गप्प होणं मला जुनं ओळखीचं आहे.

आधी फ्रिजचं लिहिते. बोलता बोलता तू म्हणालीस की खोलीत घरमालकांचा छोटा फ्रिज आहे, काचेच्या दाराचा, आत निळा दिवा, समोर १२ आकडा दिसतो आणि आवाज म्हणून नाही. त्या आवाज नसण्यावरच मी रात्रभर अडकले. अगं, तो आपल्याला लागतो तसला फ्रिज नव्हेच. ती वाइनच्या बाटल्या ठेवायची पेटी. तसल्या बिनआवाजाच्या पेटीत बहुतेक वेळा कॉम्प्रेसर नसतो. आत एक चपटी चकती असते, तिच्यात वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. तापलेल्या बाजूची उष्णता मागचा पंखा बाहेर फेकतो. ही पेटी खोलीपेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जाते. खोली ३५ वर गेली की आत १५च्या वरच. वाइनला १२ अंश मानवतात, पण न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ लागतात. आणि तू तीन महिने पुरतील एवढी इन्सुलिनची पेनं त्यात ठेवली आहेस.

शिवाय समोरच्या आकड्यावर जाऊ नकोस. कित्येक पेट्यांवर तो आपण लावलेला आकडा असतो, आत खरोखर किती आहे ते तो सांगत नाही. आज रात्री एका ग्लासात पाणी घे, त्यात थर्मामीटर ठेव, ग्लास मधल्या कप्प्यात ठेवून दार लाव आणि सकाळी बघ. मग मागे हात धर. गरम वारा लागला पाहिजे. लागत नसेल तर पंखा अडकलाय किंवा जाळीवर धूळ बसली आहे. प्लग काढून ब्रशने झाड. दिवा जळतो, आकडा दिसतो आणि गारवा मात्र नाही, असं होतं ते बहुधा त्या पंख्यामुळेच. पेटी भिंतीला टेकवून ठेवली असशील तर चार बोटं पुढे ओढ, आणि खिडकीखालून तर हलवच. दुपारचं ऊन काचेतून थेट आत जातं.

बघ, लागले मी शिकवायला. सोळाव्या वर्षापासून तू स्वतःचे डोस स्वतः ठरवतेस. डॉक्टर म्हणाले होते, हिची वही बघून मला काही बदलावंसं वाटत नाही. ते वाक्य मी किती जणांना सांगितलं असेन. तरी लिहिते, कारण ते जुनं मला आता सांगायलाच हवं.

तू नऊ वर्षांची होतीस. दवाखान्यातून घरी येऊन दुसरा महिना. नव्या कुप्या आणल्या आणि मी त्या फ्रिजमध्ये अगदी वर, मागे, बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवल्या. जितकं गार तितकं औषध टिकेल, अशी माझी समजूत. पुढचे चार दिवस तुझी शुगर ३०० च्या खाली येईना. मी दर वेळी विचारायची, काय खाल्लंस? तुझं दप्तर उलटं केलं. उशीखाली पाहिलं. तात्या म्हणाले, पोर नाही म्हणते तर नाही. मी त्यांचंही ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी तू मान खाली घालून म्हणालीस, "हो, खाल्लं." काही खाल्लं नव्हतंस. मी थांबावं म्हणून म्हणालीस.

चौथ्या दिवशी दवाखान्यात सिस्टरनी इतकंच विचारलं की कुपी घरी कुठे ठेवता. मी ती पांढरट कुपी तळहातांत घोळवून खिडकीच्या उजेडात धरली. काचेला आतून बारीक कण चिकटले होते, खिडकीच्या काचेवर दव गोठल्यासारखे. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही कामाचं राहत नाही, हे मला तिथे उभ्यानं कळलं. नवी कुपी चालू केली आणि संध्याकाळी तू १६० ला आलीस. सगळ्यांना हायसं वाटलं. मी मात्र तुला कधी सांगितलं नाही की चूक माझी होती. तुला अजून वाटत असेल का, की तेव्हा तू काहीतरी केलं होतंस? काही केलं नव्हतंस, राणी. परवाही तू काही केलं नसशील. आधी फ्रिज बघ.

दादाने कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज मागवला आहे. नको म्हणू नकोस. प्रवासात तो आडवा झाला असेल तर उभा करून चार-सहा तास तसाच राहू दे, कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं ते परत खाली उतरू दे. नॉबवर मोठा आकडा म्हणजे जास्त गार, उलटं समजू नकोस. मधल्या आकड्यावर लावून एक दिवस ग्लासातला थर्मामीटर बघ, मगच पेनं आत. डब्यात घालून मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला लागू न देता. वीज जाऊन आली तर बटण बंद करून पाच मिनिटं थांब. लगेच चालू झाला तर तो टक् करून बंद पडतो आणि माणसाला वाटतं बिघडला. दारात कागद धरून दार लाव. कागद सहज सुटला तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने पूस, तरी सुटला तर रबर बदलायला सांग. बर्फ जमला तर फ्रिज बंद करून वितळू दे. सुरी घालू नकोस. आतल्या नळीला भोक पडलं तर गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच छोट्या फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

पुन्हा लांबलं. तुला राग आला तर येऊ दे, पण वाच.

आजी विचारते रेवा कधी येणार. मी म्हणते, कामात आहे. तू त्या गावात एकटी घर शोधलंस, एकटी सगळं लावलंस, हे सांगताना माझा आवाज चढतो, असं ती म्हणते. आणि रात्री तीनला जाग आली की मी तुझ्या जुन्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन येते. तेव्हाची सवय आहे.

तुझी,
आई

ता. क. पेटीतली पेनं घाईने फेकू नकोस. १२ अंशांत औषध लगेच मरत नाही. उघडलेलं पेन खोलीच्या तापमानालाही साधारण चार आठवडे चालतं, नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. पण ती पेटी उन्हात किती तापली हे आपल्याला माहीत नाही. म्हणून आजच औषधाच्या दुकानातून एक नवं पेन आण, तेच वापर, आणि जुन्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचार. नव्यानेही शुगर उतरली नाही तर सकाळची वाट बघू नकोस, त्यांना लगेच फोन कर. थर्मामीटर किती दाखवतो ते मला कळव. शुगर किती ते सांगावंसं वाटलं तरच सांग.